चित्राखालची ओळ

मॅटची खिडकी चित्रावर ठेवली आणि खाली बोटभर जागा रिकामी राहिली. शुक्रवार होता, संध्याकाळचे पावणेपाच वाजले होते. मी मॅट उचलला, पुन्हा ठेवला. उलटा फिरवून ठेवला, तर रिकामी जागा वर गेली.

मॅट म्हणजे चित्र आणि फ्रेम यांच्यामध्ये बसवतात तो जाड पुठ्ठा. त्याच्या मधोमध चौकोनी खिडकी कापलेली असते, तिच्यातून चित्र दिसतं. आमच्या दुकानात ही खिडकी मालक स्वतः मापून कापायचे. त्यांचं माप चुकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणजे मॅट बरोबर होता. चित्र लहान झालं होतं, आणि चित्राच्या कडा दुपारी मीच कापल्या होत्या.

हे दुकान कॅनडात, वॉन गावच्या एका इंडस्ट्रियल पार्कात होतं, टाइल्सच्या गोडाउनला लागून. पुढे छोटा काउंटर, भिंतीवर फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे टांगलेले, आणि मागच्या खोलीत काम. काम करणारे दोघंच, मालक आणि मी. मालक इटलीहून तरुणपणी आलेले, सत्तरीचे, मोठ्याने बोलणारे. मला ते ‘सिन्योरा’ म्हणायचे. त्यांचं इंग्रजी त्यांच्या पद्धतीचं होतं आणि माझं जवळजवळ नव्हतंच, त्यामुळे आमचं बरं जमायचं. हे नोकरीला होते ते मशीन शॉप त्याच रस्त्यावर. मदतनीस हवी अशी पाटी ह्यांनीच पाहिली आणि मला न विचारता मालकांना सांगून आले, की माझ्या बायकोला हे काम येतं.

काम खरंच येत होतं. माझ्या वडिलांचं तालुक्याच्या गावी तसबिरींचं दुकान होतं. चौथीनंतर शाळा सुटली आणि मी दुकानात बसायला लागले. काच पुसणं, मागचा पुठ्ठा बसवणं, बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, ठोकणं, सगळं मी तिथेच शिकले. वर्ष संपलं की लोक जुनी कॅलेंडरं घेऊन यायचे. वर लक्ष्मी किंवा दत्त किंवा शंकर, आणि पायाशी छापलेलं असायचं अमुक क्लॉथ स्टोअर्स, तमुक तेल डेपो, मेन रोड, स्टँडसमोर. “देवाच्या पायाखालचं दुकान तेवढं काढून टाका,” असं गिऱ्हाईक सांगायचं. नाही सांगितलं तरी आम्ही काढायचोच. ते कापणं माझ्याकडे होतं. पट्टी धरून एका फटक्यात सरळ कापायचं, देवाच्या पावलाला धक्का लागता कामा नये. माझ्या हाताला वडील नावाजायचे.

कॅनडात आल्यावर पहिली चार वर्षं मी घरातच होते. फोन वाजला की मी वॉशरूममध्ये जायची. मुलगी म्हणायची, “आई, फोन तुला चावणार नाहीये.” दुकानाचं काम लागलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की इथे मला येणारी अशी एक तरी गोष्ट आहे. त्यातही बोलावं लागत नव्हतं. मालक चिठ्ठीवर मापं लिहून द्यायचे. आकडे वाचता आले की झालं.

ते चित्र बुधवारी आलं होतं. मार्च महिना, बाहेर बर्फाचा चिखल. दाराच्या फटीतून मला दिसलं, की एक म्हाताऱ्या बाई आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम काउंटरवर ठेवताहेत. गोऱ्या, उंच, पायात मोठे बूट, बोलणं अगदी सावकाश. घर विकून त्या कॉन्डोमध्ये राहायला गेल्या होत्या आणि सामान हलवताना चित्राची काच तडकली होती. नवी काच, नवा मॅट, मागचा पुठ्ठा नवा, फ्रेम तीच. मंगळवारी न्यायला येणार. एवढंच मला कळलं. बाकी त्या मालकांशी बराच वेळ बोलत होत्या, ते कळलं नाही.

चित्र इंग्लंडमधल्या एका मोठ्या घराचं होतं. घर कसलं, आमच्या गावची कचेरी, शाळा आणि दवाखाना एका ओळीत मांडले तरी पुरायचे नाहीत एवढं. समोर हिरवळ, तीन हरणं, एक बाई छत्री धरून उभी, शेजारी उंच टोपीचा माणूस. मालकांनी मला भिंग देऊन दाखवलं, की हे सगळं नुसत्या रेघांचं आहे. “तांब्याच्या पत्र्यावर कोरायचं, शाई भरायची, कागद दाबायचा. दोनशे वर्षं होत आली, सिन्योरा. कोरणारा आंधळा झाला असेल.” मी भिंगातून पाहिलं. आभाळसुद्धा रेघांचं होतं. खिडक्या मोजायला लागले तर पन्नासच्या पुढे गोंधळले.

शुक्रवारी दुपारी मालक डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. मी जुनी फ्रेम उघडली. कागद चित्रापेक्षा बराच मोठा होता आणि कडा तपकिरी होऊन किड्यांनी खाल्लेल्या. चित्राखाली बारीक अक्षरांची एक ओळ होती. डावीकडे काही, मध्ये जरा मोठं काही, उजवीकडे काही. नव्या पोस्टरांची पांढरी कड मी रोजच कापत असे, मालकांनीच शिकवलं होतं. वाटलं, या खराब कडा काढल्या तर चित्र कसं स्वच्छ दिसेल. आणि ती ओळ मला दुकानाचं नाव वाटली. अमुक क्लॉथ स्टोअर्स, मेन रोड. मालक येईपर्यंत थांबून विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे इंग्रजीत वाक्य जुळवायचं. त्यापेक्षा कापणं सोपं होतं.

चारही बाजूंनी कापलं. अगदी सरळ. कापलेल्या पट्ट्यांचे चार-पाच बोटं लांबीचे तुकडे केले, कारण लांब पट्ट्यांनी पिशवी फाटते. कचरा भरला, पिशवीचं तोंड बांधलं आणि मागच्या अंगणातल्या मोठ्या लोखंडी डब्यात टाकून आले. मग मालकांच्या टेबलावरून मॅट आणला. त्यांनी त्या ओळीसाठी जागा ठेवून खिडकी कापली होती.

बाहेर ह्यांच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी चित्र खणात ठेवलं, दिवे बंद केले आणि गाडीत जाऊन बसले.

शुक्रवारी मी कोणाला काही बोलले नाही. आमटीत दोनदा मीठ पडलं. मुलीने पहिला घास घेऊन “यू ओके?” विचारलं, मी म्हटलं, पाणी घाल त्यात. शनिवारी कपडे धुतले, वाळवले, घड्या केल्या, आणि केलेल्या घड्या मोडून पुन्हा केल्या. दुपारी हे सोफ्यावर आडवे झाले तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले.

“अहो, माझ्या हातून एक चित्र कापलं गेलंय.”

“किती?”

“खालून बोटभर. आणि बाजूंनी.”

“बोटभर म्हणजे? एमएममध्ये सांग.”

“बारा-तेरा असेल.”

हे उठूनच बसले. “आमच्याकडे अर्धा एमएम गेला तर आख्खा जॉब स्क्रॅप करतात. तू तेरा घालवलेस?” मग माझं तोंड पाहून आवाज खाली आणला. “बरं, आता काय करणार. सोमवारी गप्प बस. तो विचारेल तेव्हा सांग, की असंच आलं होतं.”

“त्यांनीच माप घेतलंय. त्यांना माहीत आहे.”

“मग सांग, की मला माहीत नाही.”

“तिथे मी आणि ते, दोघंच असतो.”

हे पुन्हा आडवे झाले. जिन्यात बसलेली मुलगी मात्र सगळं ऐकत होती. ती तेव्हा आठवीत होती. “वेट. तू टायटल कापलंस? ज्याच्यावर लिहिलेलं असतं कोणी काढलं, कुठे, कधी? आई! दॅट्स लाइक इट्स बर्थ सर्टिफिकेट.”

मला ते तोवर माहीत नव्हतं. दुकानाचं नाव कापलं आणि मालकांचा मॅट वाया गेला, एवढंच ओझं मी घेऊन फिरत होते. आता कळलं की मी त्या घराचं नाव कापून कचऱ्यात टाकलं आहे. नोकरी जाणार हे मी धरूनच चालले होते. पण त्या बाईंना काय सांगायचं हे सुचेना, आणि सांगायची वेळ आली तर तोंड उघडेल का, हेही कळेना.

“कचरा कधी उचलतात?” मुलीने विचारलं.

“सोमवारी सकाळी.”

“मग उद्या जाऊ या.”

“कचऱ्यात शिरायला?” हे म्हणाले.

“बाबा, तुम्ही गराज सेलमध्ये लोकांचं टाकाऊ सामान उपसता ते काय असतं?”

रविवारी सकाळी तिघं गेलो. सगळं बंद, पार्किंगमध्ये एकही गाडी नाही, वारा मात्र सुटलेला. डब्यात सगळ्या दुकानांच्या काळ्या पिशव्या होत्या, वीस तरी असतील. हे वाकून एकेक वर काढत होते आणि तोंडाने सारखं चालू होतं, “ही? ही का? यात तर पिझ्झा आहे.” माझी पिशवी मला ओळखता येत होती. मी पिशवीचं तोंड फ्रेम टांगायच्या तारेच्या उरलेल्या तुकड्याने बांधते, बाकीचे नुसती गाठ मारतात. नवव्या की दहाव्या पिशवीला तार दिसली.

जुनी चादर नेली होती, तिच्यावर पिशवी ओतली. पुठ्ठ्याचे कोपरे, काचेचा चुरा, पोस्टरच्या पट्ट्या, मालकांच्या कॉफीचे कप. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसलो. तपकिरी कागद दिसला की मुलगी ओरडायची, “फाउंड इट!” आणि तो कोरा निघायचा. हे एका उडालेल्या कागदामागे टाइल्सच्या गोडाउनपर्यंत धावले. तो कसल्याशा गाडीच्या पोस्टरचा तुकडा निघाला. परत येऊन धापा टाकत म्हणाले, “तुला सांगतो, यापेक्षा माझी नोकरी सोपी आहे.”

ओळीचे चार तुकडे केले होते. तीन सापडले. चौथ्यासाठी दोन वेळा सगळं चाळलं, डब्याच्या मागे, कुंपणापाशी पाहिलं. नाही मिळाला.

घरी आणून तुकडे स्टीलच्या ताटात मांडले. मुलीने हळूहळू वाचलं. डावीकडे चित्र काढणाऱ्याचं नाव, मध्ये घराचं नाव आणि ते कोणत्या परगण्यात आहे ते, मग छापणाऱ्याचं नाव. छापल्याचं ठिकाण अर्ध्यावर तुटलं होतं, आणि कोरणाऱ्याचं नाव आणि साल त्या न सापडलेल्या तुकड्यावर गेलं होतं. मुलीने कम्प्युटरवर घराचं नाव घातलं. ते घर अजून उभं आहे, तिकीट काढून बघता येतं, आणि हेच चित्र कुठल्याशा पानावर तिला सापडलंसुद्धा, खालच्या ओळीसकट. तिने तेवढी ओळ मोठी करून प्रिंटरवर छापली.

“झालं की मग!” हे खूश झाले. “ही चिकटवून टाक. कोण भिंग घेऊन बसलंय?”

मी छापलेली ओळ खऱ्या तुकड्यांशेजारी ठेवली. हिची अक्षरं सुजल्यासारखी होती आणि कागद दुधासारखा पांढरा. मी तरीही ती टाकून दिली नाही. तुकडे आणि ती, दोन्ही मुलीच्या शाळेच्या फोल्डरमध्ये ठेवलं. सोमवारी काय बोलायचं ते मुलीने मला वाक्य करून दिलं. रात्रीपर्यंत मी ते पाठ करत होते.

पण वाक्य लागलंच नाही. मालक आले, मी खणातून चित्र काढून टेबलावर ठेवलं, शेजारी फोल्डर उघडून ठेवला आणि उभी राहिले. त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग इटालियनमध्ये बराच वेळ बोलले, माझ्याशी नाही, छताशी. शेवटी इंग्रजीत म्हणाले, “तू काय खाटीक आहेस?”

तो शब्द मला कळला, कारण शेजारच्या रस्त्यावर तशी पाटी होती.

मुलीने छापलेली ओळ त्यांनी एकदा पाहिली, चुरगळली आणि कचऱ्यात टाकली. तेवढ्या बाबतीत आमचं एकमत होतं.

मग त्यांनी पट्टी घेऊन चित्र पुन्हा मापलं. मी या हिशेबाने उभी होते, की आता जा म्हणतील. त्यांनी नवा पुठ्ठा काढला आणि खिडकी कापली, आधीच्यापेक्षा लहान, चित्राच्या कडेला चिकटून. “तुकडे मागे टाक, पाकिटात. तिला म्हणेन, मॅटखाली झाकलंय. तिला नीट दिसत नाही. आणि उद्या तू बाहेर यायचं नाही. समजलं?”

समजलं. सुटका झाली असं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाज वाटली. दिवसभर मी ते काम पुरं केलं. काच दोनदा पुसली, चुका ठोकल्या, मागे कागद लावला. तुकड्यांचं पाकीट मात्र मागे चिकटवायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी चिकटवलं नाही. दर वेळी हातात घ्यायची आणि दुसरं काही करायला लागायची. शेवटी ते माझ्या एप्रनच्या खिशात गेलं. फ्रेममध्ये चित्र फार सुरेख दिसत होतं. कोणाला काही कमी आहे असं वाटलं नसतं, आणि त्यानेच मला जास्त अस्वस्थ केलं. घरी गेल्यावर ह्यांनी विचारलं, “काय म्हणाला?” मी म्हटलं, “काही नाही म्हणाले.” “बघ, मी सांगितलं होतं ना.”

मंगळवारी अकराला बाई आल्या. मी मागच्या खोलीत पट्ट्या पुसत होते, एकच पट्टी. मालकांचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. बाई म्हणाल्या, “लव्हली.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “इथे खाली काही लिहिलेलं होतं ना?”

“आहे, आहे, मॅटच्या खाली. असं जास्त क्लीन दिसतं. सेफ आहे, मॅडम.”

“सेफ,” बाई म्हणाल्या. “दॅट्स ऑल राइट, देन.”

टॉवेल झटकल्याचा आवाज आला. त्या चित्र गुंडाळायला लागल्या होत्या. त्यांनी ‘सेफ’ म्हटलं नसतं तर मी कदाचित तिथेच बसून राहिले असते. सांगता येत नाही. मी दार ढकललं आणि बाहेर आले. मालकांनी माझ्याकडे असे डोळे केले, की मुलीने शिकवलेलं वाक्य डोक्यातून पार गेलं.

“मॅडम, वेट,” मी म्हटलं. “नॉट सेफ. आय कट.”

आणि पाकिटातले तीन तुकडे काउंटरवर ठेवले.

बाईंनी पर्समधून दुसरा चष्मा काढला. तुकडे बोटाने जवळ सरकवले. मालकांची मान लाल झाली होती.

“का कापलंस?” त्यांनी विचारलं. रागाने नाही, पण हसूनही नाही.

मी सांगायला गेले. “इंडिया. गॉड कॅलेंडर. अंडर, शॉप नेम. पीपल से, कट.” त्यांना कळलं नाही. मग मी कामाच्या चिठ्ठीमागे पेनने चौकोन काढला, आत हात वर केलेला देव, खाली एक ओळ आणि ओळीवर कात्री. त्या वाकून बघत राहिल्या.

“तुला ही जाहिरात वाटली.”

मी मान हलवली.

“तशी ती आहेच,” त्या म्हणाल्या. त्यांनी तुकड्यावर बोट ठेवलं. “या माणसाने हे छापलं आणि आपल्या दुकानाचा पत्ता टाकला.” त्यांच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. “पण मला ती हवी होती.”

मग त्या सांगायला लागल्या, अगदी हळू, मला कळावं म्हणून. त्यांची आई चौदाव्या वर्षी त्या घरात भांडी घासायला लागली. चित्रात दिसतं त्या दारातून ती एकदाही आत गेली नव्हती. तिचा रस्ता मागून होता आणि मागची बाजू चित्रात नाही. पुढे कॅनडाला यायच्या आधी तिने हे जुन्या बाजारातून घेतलं. इथे ती लोकांना सांगायची, मी या घरात होते, आणि लोक म्हणायचे, इंग्लंडमधली मोठी घरं सगळी सारखीच दिसतात. मग ती खालच्या नावावर बोट ठेवायची. “ती फारसं वाचू शकायची नाही,” बाई म्हणाल्या, “पण एवढं तिला वाचता यायचं.” आणि तुकड्यांकडे न बघता त्यांनी ती सगळी ओळ म्हणून दाखवली, आमच्या न सापडलेल्या तुकड्यावरचं नाव आणि सालसुद्धा.

मालक पुढे झाले. म्हणाले, नवी मुलगी आहे, चूक झाली, मी तुकडे जोडतो, राहिलेल्या जागी जुना कागद लावतो, कळणारही नाही.

“कळलं पाहिजे,” बाई म्हणाल्या. “आणि तुम्ही नाही. हिने लावायचं. मी बसते.”

कोट न काढता त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. मी फ्रेम पुन्हा उघडली. मालकांनी वरच्या कपाटातून गव्हाच्या सत्त्वाचा डबा आणि तलम कागद काढून माझ्यासमोर ठेवला. मी पाण्यात सत्त्व शिजवलं, गार केलं. खळ करायला मला कोणी शिकवायला नको होतं. तलम कागदाच्या पट्ट्यांनी तिन्ही तुकडे मागून चित्राला जोडले, वर वजन ठेवलं. जिथे कापलं होतं तिथे बारीक रेघ दिसत होती. उजव्या कोपऱ्यात मोकळी जागा राहिली, ती बाईंनी तशीच ठेवायला सांगितली. मालकांचा पहिला मॅट तिथेच पडून होता, तो बसला. दीड तास गेला. या सगळ्या वेळात बाई एकदाच बोलल्या, “तुझा हात सरळ चालतो.” ते कौतुक होतं की दुसरं काही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

जाताना त्यांनी मला थँक यू म्हटलं नाही, म्हणायचं कारणही नव्हतं. मी दार धरून उभी होते. त्या म्हणाल्या, “पुढच्या वेळी आधी विचार.”

मालक संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. पाच वाजले, ह्यांचा हॉर्न झाला. मी जेवणाचा डबा पिशवीत भरला, एप्रन काढून त्याची घडी केली आणि तो टेबलावर ठेवला, म्हणजे त्यांना ‘ठेवून जा’ म्हणायला नको. मालकांनी तो उचलून माझ्या हातात परत दिला.

“उद्यापासून सुरी मी लावीन,” ते म्हणाले. “तू पुढे बसायचं. काउंटरला. माणूस चित्र घेऊन आला, की तू विचारायचं.”

“आय नो इंग्लिश,” मी म्हटलं. मला ‘येत नाही’ असं म्हणायचं होतं.

“आज बोललीस की. माझ्या दुकानात, माझ्या गिऱ्हाइकासमोर, मला खोटा पाडायला बरं इंग्रजी आलं.” ते दिवे बंद करायला वळले. “मागे बसायचं असेल तर दुसरं दुकान बघ, सिन्योरा.”

गाडीत ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “म्हणजे काढलं की ठेवलं?” मी म्हटलं, “मलाही कळत नाहीये.”

बुधवारी सकाळी मी काउंटरमागच्या स्टुलावर बसले. साडेनऊपर्यंत कोणी आलं नाही आणि कोणी येऊच नये असं मला वाटत होतं. मग एक जाडे गृहस्थ लग्नाचा जुना फोटो घेऊन आले. फोटोच्या पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचं नाव छापलेलं होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी विचारून टाकलं, “सर, व्हॉट नॉट कट?”

ते माझ्याकडे बघत राहिले. फोटो त्यांनी थोडा आपल्या अंगाकडे ओढला. “डोन्ट कट एनीथिंग,” ते म्हणाले.

मी पेन घेतलं, चिठ्ठीवर तसंच लिहिलं, आणि शब्द बरोबर आलेत का ते त्यांना दाखवलं.